वकील बदलताना: अडवलेली फाइल, जुना मुद्रांक आणि कोऱ्या कागदांवरच्या सह्या

आपण वकील बदलण्याविषयी विचारले आहे. पण वकिलाचे कर्तव्य नेमके कोणाशी असते आणि ते मोडले गेले हे अशिलाने कशावरून ओळखायचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. उत्तर देण्याआधी आपली हकिकत मला जशी समजली तशी मांडतो.

आपल्या दोन आत्यांनी तालुका न्यायालयात वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा आणला आहे. आपले वडील प्रतिवादी होते. नऊ वर्षे एकच वकील काम पाहत आहेत. दोन वर्षांपूर्वी वडील वारले आणि आपण व आपली आई वारस म्हणून दाव्यात दाखल झालात. वकिलांवरची नाराजी आपण या क्रमाने लिहिली आहे: ते आत्यांच्या वकिलांबरोबर रोज चहा घेतात आणि एकदा त्यांच्याच गाडीतून जिल्हा न्यायालयात गेले; १९९३ साली वाटणी होऊन आत्यांनी हक्क सोडल्याचा, जुन्या मुद्रांकावर लिहिलेला कागद आपण नेऊन दिला तेव्हा 'हा मी दाखल करणार नाही' असे त्यांनी तोंडावर सांगितले; आणि आता फाइल व ना हरकत (दुसरा वकील लावायला त्यांची लेखी संमती) मागितल्यावर ते आधी ₹३५,००० भरा म्हणतात. शेवटी दोन ओळींत आपण लिहिता की वारस दाखल करताना त्यांच्या कारकुनाने तीन-चार कोऱ्या कागदांवर आपल्या व आईच्या सह्या घेतल्या, मोजणी व कोर्ट कमिशनसाठी दिलेल्या ₹२२,००० ची पावती मिळाली नाही, आणि फीविषयी वडिलांशी 'दावा फेटाळला गेला तर रस्त्याकडचे दोन गुंठे' असे तोंडी ठरले होते. यांची सनद जाईल का आणि ग्राहक आयोगात दाद मागता येईल का, असे आपण विचारता.

मी मराठवाड्यात दिवाणी बाजूने जवळजवळ तीस वर्षे वकिली करतो आहे. आपल्या वकिलांचे म्हणणे मी ऐकलेले नाही आणि फाइल पाहिलेली नाही, म्हणून त्यांनी गैरवर्तणूक केली असा निष्कर्ष मी काढणार नाही. आपण लिहिलेले जसेच्या तसे खरे धरले तर काय, एवढेच सांगतो. मात्र आपला राग ज्या क्रमाने उतरला आहे तो क्रम मला उलटा वाटतो. ज्या दोन गोष्टींवर आपण सर्वाधिक चिडला आहात त्यांतली एक गैर नाही आणि दुसरी त्या वकिलांच्या जमेस धरावी अशी आहे. ज्या गोष्टी आपण शेवटी घाईने उरकल्या, त्या वाचून मला आपल्या घराची काळजी वाटली.

चहाचा विषय आधी संपवतो. तालुक्याच्या ठिकाणी बार रूम एकच असते. सकाळी एकमेकांविरुद्ध तावातावाने बोललेले दोन वकील दुपारी एकाच टेबलावर डबे उघडतात, आणि तसे ते उघडू शकतात म्हणूनच वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध काम करू शकतात. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनी निषिद्ध केलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. समोरच्या पक्षकाराने वकील दिलेला असताना त्या वकिलाला डावलून पक्षकाराशी परस्पर बोलणी करता येत नाहीत. एका बाजूची कैफियत, म्हणजे न्यायालयात द्यायचे लेखी म्हणणे, तयार केल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभे राहता येत नाही. समोरच्या पक्षाशी किंवा वादाच्या मिळकतीशी स्वतःचा काही संबंध असेल तर तो अशिलापासून लपवता येत नाही. तेव्हा आपल्या वकिलांनी आत्यांची परस्पर भेट घेतली का, किंवा केवळ आपण त्यांना सांगितलेली एखादी गोष्ट समोरून उलटतपासणीत आली का, हे पाहा. तसे काही घडलेले नसेल तर हा संशय मनातून काढून टाका. माझ्याकडच्या वाटपाच्या दाव्यांत ज्या तडजोडी पुढे टिकल्या, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात दोन वकिलांच्या अशाच साध्या बोलण्यातून झाली होती.

आता त्या कागदाकडे येतो. आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे की वाटणी तोंडी खरोखरच झाली होती, आत्यांनी तेव्हा साडीचोळी घेऊन हक्क सोडला होता, आणि 'फक्त कागद आता केला'. आपल्या मनात यात खोटे असे काही नाही, कारण घडलेलेच लिहिले आहे. ही समजूत मी अनेक चांगल्या, सरळ माणसांत पाहिली आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. न्यायालयापुढे कागद येतो तेव्हा त्यातल्या मजकुराबरोबर आणखी एक विधान येते: हा कागद या तारखेला लिहिला गेला. आपल्या कागदातले ते विधान खोटे आहे आणि ते न्यायालयाने खरे मानावे एवढ्यासाठीच जुना मुद्रांक मिळवला आहे. न्यायालयीन कामात वापरण्यासाठी खोटा पुरावा तयार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. त्यातली वाटणीची गोष्ट खरी होती हा त्यावर बचाव होत नाही.

अशा वेळी वकिलाने काय करायचे, याविषयी नियम पुरेसे स्पष्ट आहेत. अशिलाला गैरमार्गापासून परावृत्त करणे, तो हट्ट सोडत नसेल तर त्याचे काम नाकारणे, आणि आपण अशिलाचे नुसते तोंड नाही हे लक्षात ठेवणे, ही वकिलाची न्यायालयाप्रती असलेली कर्तव्ये आहेत. त्याच नियमांत असेही आहे की वकिलाने अशिलाचे हित निर्भयपणे, सर्व रास्त आणि सन्मान्य मार्गांनी जपले पाहिजे. अनेकांना ही दोन वाक्ये एकमेकांविरुद्ध वाटतात. मला रोजच्या कामात ती तशी वाटत नाहीत, कारण सीमारेषा बऱ्यापैकी ठळक आहे. आपल्या बाजूतला कमकुवतपणा वकिलाने स्वतःहून समोरच्यांना सांगायचा नसतो. आत्यांना त्यांचे म्हणणे पुराव्याने शाबीत करायला लावणे, त्यांच्या साक्षीतली विसंगती दाखवणे, कायद्यात उपलब्ध असलेला प्रत्येक बचाव घेणे, हे सारे त्याने केलेच पाहिजे. ते न केल्यास तो आपल्याशी चुकला. पण जे खोटे आहे हे त्याला माहीत आहे, ते खरे म्हणून तो आपल्या सहीने न्यायालयापुढे ठेवू शकत नाही. दुसऱ्या टोकाला त्या दाव्यात आपल्या आत्याही आहेत. ज्या न्यायालयाकडे त्या विश्वासाने आल्या आहेत, ते आपल्याइतकेच त्यांचेही आहे.

यात आपले स्वतःचे हितही आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या अशील बाईंविरुद्ध त्यांच्या भावांनी १९८७ च्या तारखेची वाटणीची यादी हजर केली होती. मुद्रांक खरोखर जुना होता, मागे विक्रेत्याचा शिक्का आणि नोंदीचा क्रमांक होता, शाईही फिकट दिसत होती. नक्कल घेऊन मी ती आठ दिवस टेबलावर ठेवली आणि रोज एकदा वाचली. तिसऱ्या ओळीत गावाच्या नावापुढे 'जि. हिंगोली' असे लिहिले होते. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. उलटतपासणीत मी थोरल्या भावाला तीनच प्रश्न विचारले: हा कागद ८७ साली आपल्यासमोर लिहिला का, नंतर त्यात काही भर घातली का, आणि तेव्हा आपल्या गावाचा जिल्हा कोणता होता. पहिल्या दोन प्रश्नांना त्यांनी चटकन उत्तरे दिली. तिसऱ्याला ते आपल्या वकिलांकडे पाहत राहिले. त्यानंतर त्यांच्या साक्षीतला जो भाग मला स्वतःलाही खरा वाटत होता, त्यावरही न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. तो कागद त्यांच्या वकिलांनी वेळीच परत केला असता तर त्या कुटुंबाची स्थिती पुष्कळ बरी राहिली असती.

आपले वकील ते दाखल करायला नाही म्हणाले, पण खऱ्या गोष्टीसाठी खरा मार्ग कोणता हे त्यांनी आपल्याला समजावले का, हे आपल्या पत्रातून कळत नाही. समजावले नसेल तर तिथे ते कमी पडले असे मी म्हणेन. मुलींच्या हिश्शाविषयी सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा प्रकरणात सांगितले की केवळ तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मान्य होणार नाही. मात्र अपवादात्मक प्रकरणात, अशी वाटणी सार्वजनिक दस्तऐवजांच्या आधाराने स्पष्ट दिसत असेल, तर तिचा विचार होऊ शकतो. म्हणजे १९९३ नंतर तलाठ्याकडे फेरफार झाला का, सातबाऱ्यावर खाती वेगळी पडली का, पीकपाहणीत कोणाची नावे आली, याचे कागद काढायचे आणि तेवढ्यावर उभे राहायचे. ते नसतील तर बचाव दुबळा आहे, हे वकिलाने आपल्याला स्वच्छ शब्दांत सांगायला हवे. 'साडीचोळी घेऊन हक्क सोडला' याला घरात कितीही वजन असले तरी स्थावर मिळकतीतला हक्क सोडायला नोंदणीकृत दस्त लागतो, हेही त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच सांगायला हवे होते.

वकील बदलल्यावर जुने वकील त्या कागदाविषयी कोणाला सांगतील का, ही भीती आपण व्यक्त केली आहे. अशिलाने वकिलाला कामाच्या ओघात सांगितलेली गोष्ट अशिलाच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. पूर्वी हे साक्ष अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आणि वकीलपत्र संपले तरी हे बंधन संपत नाही. परंतु बेकायदा हेतू तडीस नेण्यासाठी वकिलाला सांगितलेल्या गोष्टीला हे संरक्षण मिळत नाही. जे पूर्वी घडून गेले ते वकिलाला विश्वासाने सांगता येते. जे गैर पुढे करायचे आहे त्यात त्याची मदत मागितली तर त्या बोलण्यावर हे कवच नसते. कागद दाखल झालेला नाही आणि आपण तो पुन्हा पुढे केला नाही, तर हा विषय तिथेच थांबण्याची शक्यता जास्त आहे. म्हणून तो पुढे करू नका.

आतापर्यंतचे एवढे ध्यानात घेतले तर पुढचे सोपे जाईल: चहा हा पुरावा नाही, आणि कागद नाकारणे हे कर्तव्यच होते. आता जिथे आपली तक्रार खरोखर उभी राहते त्या गोष्टी पाहू.

फाइल अडवणे. याविषयी कायदा स्पष्ट आहे आणि तरीही ही रीत अनेक ठिकाणी चालू आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात निर्णय दिला की फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क नाही. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलांनी ₹९७,१०० फी येणे आहे म्हणून फायली परत दिल्या नव्हत्या. न्यायालयाने म्हटले की फी वसूल करायचे इतर कायदेशीर मार्ग वकिलाला मोकळे आहेत, पण कागद हे विकून पैसे करता येतील असे तारण नाही. ते अडवले तर अशिलाचे प्रकरणच अडते. मागितल्यावर फाइल परत न करणे ही व्यावसायिक गैरवर्तणूक ठरली. तोवर हा मुद्दा निश्चित झालेला नव्हता म्हणून त्या वकिलांना केवळ समज देऊन सोडले. पुढे असे करणाऱ्याला ती सबब नाही.

त्या निकालाच्या आधी, १९९८ साली, वकिलीच्या दुसऱ्या वर्षी, मी स्वतः एका वृद्ध शेतकऱ्याची फाइल ₹१,२०० साठी तीन महिने अडवली होती. ज्येष्ठांकडे तसेच पाहिले होते आणि ते चुकीचे असू शकते हे माझ्या मनातही आले नाही. त्या काळात त्यांच्या अपिलाची ३० दिवसांची मुदत उलटून गेली. विलंब माफीचा अर्ज पुढे मंजूर झाला, पण त्यासाठी ते गृहस्थ चार वेळा एसटीने जिल्ह्याला गेले, आणि एकदाही मला बोल लावला नाही. शेवटी मी फाइल घरी नेऊन दिली तेव्हा त्यांनी मला ताक दिले. पैसे मी मागितले नाहीत. ती गोष्ट मला अजून जाचते, आणि आपल्याला हे सविस्तर लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

ना हरकत हा वेगळा विषय आहे. ज्या प्रकरणात एका वकिलाचे वकीलपत्र दाखल आहे तिथे दुसऱ्या वकिलाने त्यांच्या संमतीने, आणि ती मिळत नसेल तर न्यायालयाच्या परवानगीने उभे राहायचे असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे अशील स्वतःच्या सहीने लेखी अर्ज देऊन, न्यायालयाच्या परवानगीने, जुने वकीलपत्र संपवू शकतो. म्हणजे ना हरकत मिळाली नाही तरी आपण अडकलेले नाही. नव्या वकिलांना फक्त अर्जात कारण आणि मागणी केल्याची तारीख नमूद करावी लागेल. तारखेला आपण स्वतः हजर राहिलात तर मला तरी अशी परवानगी नाकारलेली आठवत नाही.

म्हणून ₹३५,००० देऊच नका, असे मी म्हणत नाही. नऊ वर्षांत किती तारखा झाल्या, साक्षीपुरावा कुठवर आला, आजवर किती रक्कम दिली, यावर ते अवलंबून आहे. केलेल्या कामाची वाजवी फी हे आपले देणे आहे आणि ती बुडवण्यासाठी वकील बदलणाऱ्या अशिलाचे काम मी घेत नाही. फक्त फी आणि फाइल यांची गाठ मारता येणार नाही. फीचा वाद असेल तर त्यांनी तिच्यासाठी दावा करावा.

मात्र ती रक्कम कशातून आली हे विचारा. 'दावा फेटाळला गेला तर दोन गुंठे' हा करार मुळातच करता येत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा निकालातून मिळणाऱ्या मिळकतीत वाटा घेणे नियमांनी मना आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली व पुन्हा २०१७ साली, मोटार अपघात भरपाईच्या एका प्रकरणात, ते सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवले आहे. अशिलांना मात्र हा व्यवहार सोयीचा वाटतो, कारण आज खिशातून काही जात नाही. मला त्यातला धोका तडजोडीच्या वेळी दिसतो. समजा उद्या आत्या म्हणाल्या की आम्हाला प्रत्येकी दहा गुंठे द्या, दावा संपवू. आपल्यासाठी तो प्रस्ताव चांगला असू शकतो. पण ज्या वकिलाला दावा पूर्ण फेटाळला गेला तरच रस्त्याकडची जमीन मिळणार आहे, त्याचा सल्ला तेव्हा कोणाच्या हिताचा असेल? त्याला कदाचित स्वतःलाही ते कळणार नाही. म्हणूनच ही बंदी आहे. वडिलांनी तसे कबूल केले असले तरी आपण ते पाळायला बांधलेले नाही. दोन गुंठ्यांऐवजी ₹३५,००० असा हिशेब असेल तर तोही त्याच मुळावर उभा आहे, आणि आपण केलेल्या कामाच्या वाजवी फीविषयीच बोलावे.

₹२२,००० विषयी थोडक्यात. अशिलाकडून आलेल्या पैशाचा हिशेब ठेवणे, त्यातले फीचे किती आणि खर्चाचे किती हे लिहिणे, आणि अशिलाने मागितल्यावर त्याची प्रत देणे हे वकिलावर बंधनकारक आहे. माझ्या सिनिअरांकडे प्रत्येक अशिलाच्या नावाचे पान असलेली एक लाल कापडी बांधणीची खतावणी होती. तिकिटाचे दोन रुपयेही त्यात चढत, आणि अशील आला की पान त्याच्यासमोर उघडले जाई. आपण लेखी हिशेब मागा. शिवाय मोजणीची फी भूमि अभिलेख कार्यालयात रीतसर भरली जाते आणि तिची पावती निघते, तर कमिशनच्या खर्चाचा आदेश झाला असेल तर तो रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या तारीखवार नोंदीत, सापडेल. वकिलांकडून उत्तर आले नाही तरी पैसे कुठे गेले हे आपल्याला त्यावरून कळेल.

आता कोरे कागद. सर्वांत तातडीचे हेच आहे. कारकुनाने ते बहुधा वाईट हेतूने घेतले नसतील. वारसांचा अर्ज, शपथपत्र, पुरसीस (न्यायालयाला द्यायचे छोटे लेखी निवेदन) अशा कागदांसाठी पुन्हा पुन्हा अशिलाला बोलवायला नको म्हणून अशी सवय लागते. पण त्या सह्यांवर काय होऊ शकते ते पाहा. दिवाणी दाव्यात तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची असावी लागते, आणि सही तर आपण आधीच देऊन बसला आहात. तडजोडीचा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा औपचारिक आदेश, झाला की त्यावर साधे अपील चालत नाही, आणि तो रद्द करून मागणारा वेगळा दावाही आणता येत नाही. ज्या न्यायालयाने तो केला तिथेच जाऊन ही तडजोड खरी नव्हती हे शाबीत करावे लागते, तेही स्वतःची खरी सही नाकारता येत नसताना. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयापुढे राजस्थानातले असेच प्रकरण आले होते. एका भाडेकरूने विश्वासाने वकिलाला सही करून दिलेल्या कोऱ्या कागदावर तडजोड लिहून ती दाखल झाली होती. वकिलांवरचा गैरवर्तणुकीचा ठपका तिथे कायम झाला, पण त्या भाडेकरूची मधली वर्षे त्यातच गेली. २०१५ साली त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की अशिलाच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने त्याच्या हक्काला बाधा येईल अशी कबुली देऊ नये. छापील वकीलपत्रात 'तडजोड करणे' हे शब्द असतात, म्हणून ती सूचना मिळाली असे होत नाही.

तेव्हा याच आठवड्यात वकिलांना एक साधे, सभ्य पत्र लिहा आणि ते स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा. त्यात लिहा की अमुक सुमारास आपण व आईने सही करून दिलेले कोरे कागद परत करावेत, वापरले असल्यास कशासाठी वापरले ते कळवावे, आणि आम्ही समक्ष हजर असल्याशिवाय तडजोड, कबुली किंवा माघार यांपैकी काहीही दाखल करू नये. त्याच पत्रात फाइल आणि हिशेब मागा. चहाविषयी आणि त्या १९९३ च्या कागदाविषयी एक शब्दही लिहू नका. मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपल्या प्रकरणाचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून मागच्या दोन वर्षांतले आदेश वाचा आणि नक्कल विभागातून दावा, कैफियत, वारसांचा अर्ज व रोजनामा यांच्या नकला मागवा. फाइल मिळायला उशीर झाला तरी नव्या वकिलांना तेवढ्यावर काम सुरू करता येते.

तक्रारीविषयी आपण विचारले आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग आता बंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. गांधी प्रकरणात वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निर्णय दिला. नुकसान झाले असेल तर दिवाणी न्यायालय आहे. गैरवर्तणुकीसाठी अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे तक्रार करता येते. तक्रारीत तथ्य वाटले तर ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते, आणि समिती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते किंवा पटावरून नाव काढू शकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. निकालाविरुद्ध ६० दिवसांत तिथे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील आहे.

सनद जाईल का, याचे उत्तर मी देऊ शकत नाही आणि त्या अपेक्षेने आपण तक्रार करू नये. तिथे आरोप भक्कम पुराव्याने शाबीत करावा लागतो, आणि साधा निष्काळजीपणा किंवा निर्णयातली चूक ही गैरवर्तणूक मानली जात नाही; तिच्यात अप्रामाणिकपणाचा अंश दिसावा लागतो. तक्रारीने आपल्याला भरपाई मिळत नाही आणि दावाही पुढे सरकत नाही. माझा सल्ला असा की आधी पत्र पाठवून १५ दिवस वाट पाहा. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच फायली अशा पत्रानंतर परत आल्या आहेत. फाइल आली, कोरे कागद परत मिळाले आणि हिशेब लागला, तर मी तिथेच थांबेन. मिळाले नाहीत, किंवा नकलांमध्ये आपल्याला माहीत नसलेला आपल्या सहीचा एखादा कागद दिसला, तर तक्रार करा, आणि ती फाइल, हिशेब, दोन गुंठे व कोऱ्या सह्या एवढ्यापुरतीच ठेवा. तसा कागद दिसला तर न्यायालयाला त्याच तारखेला लेखी कळवा. समितीच्या निकालाची वाट पाहू नका.

नव्या वकिलांची निवड करताना फी लेखी ठरवा, प्रत्येक रकमेची पावती घ्या आणि मजकूर वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. आई सही करणार असतील तर मजकूर त्यांना आधी वाचून दाखवा. आणि पहिल्याच भेटीत त्यांना सगळे सांगा, जुन्या मुद्रांकाचा तो कागदही दाखवा. ते जर म्हणाले की हा बाजूला राहू द्या, १९९३ नंतरचे फेरफार आणि सातबारे घेऊन या, तर त्यांना वकीलपत्र द्या. 'चालेल, दाखल करून टाकू' असे म्हणाले, तर नमस्कार करून उठा आणि दुसऱ्या वकिलांकडे जा.